सूची कोणाच्या हाती? : पीअर-टू-पीअर फाईल-वाटप प्रणालींतील शोधाचा वेग आणि अचूकता – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

एखाद्या ग्रंथालयात लाखभर ग्रंथ आहेत, पण त्यांची तालिका नाही, अशी कल्पना केली तर त्यास ग्रंथालय म्हणावे की ग्रंथांचे गोदाम, असा प्रश्न पडतो. ग्रंथ असणे आणि ग्रंथ सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली, तेव्हा वाचकाचा वेळ वाचविणे हे त्यांपैकी एक स्वतंत्र सूत्र मानले, ते याच जाणिवेतून. विसाव्या शतकाच्या अखेरीस इंटरनेटवर एक असे भांडार उभे राहिले की ज्याला इमारत नव्हती, ग्रंथपाल नव्हता आणि ज्यातील प्रत्येक वस्तू कोणातरी अनोळखी व्यक्तीच्या घरातील संगणकावर होती. या भांडारास पीअर-टू-पीअर, म्हणजे समान दर्जाच्या संगणकांनी परस्परांशी थेट जोडून घेतलेले जाळे, असे म्हटले गेले.

या जाळ्यांचा इतिहास बहुधा संगीत कंपन्या आणि फुकट गाणी उतरवून घेणारा तरुण वर्ग यांच्यातील संघर्षाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो खोटा नाही, परंतु अपुरा आहे. प्रस्तुत लेखात या इतिहासाकडे शोधाच्या अंगाने पाहिले आहे. हव्या त्या फाईलची सूची कोणी ठेवावयाची, या एका प्रश्नाला दहा वर्षांत चार-पाच निरनिराळी उत्तरे दिली गेली. प्रत्येक उत्तराबरोबर शोधाचा वेग बदलला, अचूकता बदलली आणि कायद्यापुढे उत्तर द्यावयाचे कोणी, हेही बदलले.

विवेचनाच्या सोयीसाठी अचूकतेचे दोन भाग केले आहेत. जाळ्यात जे उपलब्ध आहे ते सर्व शोधात येणे, हा पहिला भाग; त्यास येथे ‘व्याप्ती’ म्हटले आहे. जे हाती आले ते मागितलेलेच असणे, हा दुसरा भाग. त्यास ‘नेमकेपणा’ म्हटले आहे. ग्रंथालयाच्या तालिकेला या दोन्ही कसोट्या लागू होतात. फाईल-वाटपाच्या जाळ्यांत मात्र या दोन कसोट्या एकमेकींपासून दूर गेल्या, आणि त्या कशा दूर गेल्या हे पाहणे उद्बोधक ठरते.

पूर्वपीठिका

फाईलच्या नावावरून शोध घेण्याची कल्पना पीअर-टू-पीअर प्रणालींच्या आधीची आहे. कॅनडातील माँट्रियल येथील मॅगिल विद्यापीठात अ‍ॅलन एमटेज यांनी १९९० साली ‘आर्ची’ नावाची प्रणाली तयार केली. त्या काळी विद्यापीठांच्या संगणकांवर सर्वांसाठी खुल्या ठेवलेल्या फाईली असत. परंतु कोणत्या ठिकाणी काय आहे हे ठाऊक असल्याशिवाय त्यांचा उपयोग नसे. आर्ची ठरावीक काळाने या संगणकांवरील फाईलींच्या याद्या गोळा करी आणि त्यांची एकत्र सूची ठेवी. शोध फाईलच्या नावात घेतला जाई. फाईलच्या आत काय आहे हे आर्चीला कळत नसे.

नाव हेच वस्तूचे एकमेव वर्णन मानण्याची ही पद्धत पुढील प्रणालींनी जशीच्या तशी उचलली. फरक इतकाच की, आर्चीच्या जगात नावे देणारे लोक विद्यापीठांतील व्यवस्थापक होते आणि त्यांचे संगणक रात्रंदिवस चालू असत. नऊ वर्षांनंतर नावे देणारे लोक कोट्यवधी सामान्य वापरकर्ते झाले आणि त्यांचे संगणक टेलिफोनच्या तारेवरून तासा-दोन तासांपुरते जोडले जाऊ लागले. सूची तयार होताच शिळी होऊ लागली.

नॅपस्टर : एकाच ठिकाणची सूची

बोस्टनच्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातील विद्यार्थी शॉन फॅनिंग याने तयार केलेले नॅपस्टर जून १९९९ मध्ये लोकांपुढे आले. त्याची रचना सोपी होती. वापरकर्ता जाळ्याला जोडला गेला की त्याच्या संगणकावरील वाटपासाठी ठेवलेल्या एमपीथ्री फाईलींची यादी कंपनीच्या सर्व्हरकडे जाई. तो जाळ्यातून बाहेर पडला की ती यादी सूचीतून गळून पडे. शोध या सूचीत घेतला जाई. प्रत्यक्ष गाणे मात्र एका वापरकर्त्याच्या संगणकावरून दुसऱ्याच्या संगणकावर थेट जाई. सूची शिळी होण्याच्या अडचणीवर हा उत्तम तोडगा होता.

शोधाच्या वेगाच्या दृष्टीने या रचनेशी स्पर्धा करणे कठीण होते. प्रश्न एकाच ठिकाणी विचारावयाचा आणि उत्तर तेथूनच यावयाचे, त्यामुळे काही सेकंदांत यादी पडद्यावर येई. यादीत फाईलच्या नावाबरोबर तिचा आकार, ध्वनीची प्रत दर्शविणारा बिटदर, गाण्याची लांबी आणि देणाऱ्याच्या जोडणीचा वेग हेही दिसे. साहजिकच वापरकर्त्यांची संख्या झपाट्याने वाढली. फेब्रुवारी २००१ मध्ये ती सुमारे २ कोटी ६४ लाखांवर असल्याचे मापन झाले होते.

अचूकतेच्या बाबतीत चित्र तितकेसे उजळ नव्हते. व्याप्तीला पहिली मर्यादा अशी की, नॅपस्टरचे सर्व्हर अनेक होते आणि शोध ज्या गटाशी वापरकर्ता जोडला गेला असेल त्या गटाच्या सूचीपुरता होई. नेमकेपणाची मर्यादा याहून मूलगामी होती. सर्व्हर गाणे ऐकत नसे, तो फक्त नाव वाचत असे, आणि नाव लिहिणारा कोणीही असू शकत असे. अमेरिकेच्या नवव्या विभागीय अपील न्यायालयाने १२ फेब्रुवारी २००१ रोजी दिलेल्या निकालात या वस्तुस्थितीची नोंद घेतली आहे. शोध केवळ नावांच्या मजकुरात होतो आणि वापरकर्त्यांनीच नावे दिलेली असल्याने त्यांत चुका वा दिशाभूल करणारी वर्णने असू शकतात, असा त्या नोंदीचा आशय आहे. फाईल-वाटपातील शोधाचे इतके नेमके वर्णन एखाद्या तांत्रिक निबंधाऐवजी न्यायालयाच्या निकालपत्रात सापडावे, हे या इतिहासाचे वैशिष्ट्यच म्हणावे लागेल.

याच निकालाने नॅपस्टरचे भवितव्य ठरविले. सूची कंपनीच्या ताब्यात आहे, सूचीतून नावे वगळण्याचा अधिकार कंपनीला आहे, म्हणून प्रताधिकाराचा भंग थांबविण्याची जबाबदारीही तिच्यावर येते, असे न्यायालयाने मानले. ज्या मध्यवर्ती सूचीने शोधाला वेग दिला, तीच कंपनीविरुद्धचा पुरावा ठरली.

मार्च २००१ पासून नॅपस्टरने हरकत घेतलेली नावे गाळण्यास आरंभ केला. वापरकर्त्यांनी नावांतील अक्षरे उलटसुलट केली, शब्द मुद्दाम चुकीचे लिहिले आणि गाळणी चुकविली. नावांची भिन्न रूपे ओळखण्यासाठी कंपनीने ग्रेसनोट या संस्थेची मदत घेतली, पुढे ध्वनीवरूनच गाणे ओळखणारे तंत्र आणले. तथापि भंग पूर्णतः थांबला पाहिजे या न्यायाधीश मेरिलिन हॉल पटेल यांच्या अपेक्षेपर्यंत ते पोहोचू शकले नाही. जुलै २००१ मध्ये जुन्या नॅपस्टरवरील फाईल-वाटप बंद झाले. नावातील ज्या अनेकरूपतेने शोधणाऱ्यास त्रास दिला होता, तिनेच गाळणाऱ्यासही हतबल केले. शोध घेणे आणि रोखणे ही एकाच क्रियेची दोन रूपे आहेत आणि दोन्ही नावाच्या विश्वासार्हतेवर अवलंबून आहेत, हा धडा येथे प्रथम मिळाला.

नुटेला : सूचीविना शोध

नॅपस्टरवरील खटला डिसेंबर १९९९ मध्ये दाखल झाला. त्यानंतर तीन-साडेतीन महिन्यांनी, १४ मार्च २००० रोजी, ‘विनअ‍ॅम्प’ या प्रसिद्ध संगीतवादकाचे निर्माते जस्टिन फ्रँकेल आणि त्यांचे सहकारी टॉम पेपर यांनी नुटेला हे सॉफ्टवेअर महाजालावर ठेवले. त्यांची नलसॉफ्ट ही कंपनी त्यापूर्वीच अमेरिका ऑनलाइनने विकत घेतली होती. मालक कंपनीने दुसऱ्याच दिवशी सॉफ्टवेअर मागे घेतले. परंतु तोवर हजारो प्रती बाहेर गेल्या होत्या आणि इतर प्रोग्रामरांनी त्याची संदेशपद्धती उलगडून स्वतंत्र आवृत्त्या तयार केल्या.

नुटेलात सूची नव्हतीच. ज्याला शोध घ्यावयाचा तो आपल्या शेजारच्या चार-पाच संगणकांना विचारी; ते आपापल्या फाईलींत पाहत आणि तोच प्रश्न आपल्या शेजाऱ्यांकडे पाठवीत. खेड्यात एखादी वस्तू हरवली म्हणजे दवंडी पिटण्याऐवजी एका कानातून दुसऱ्या कानात बातमी जावी, तसा हा प्रकार होता. प्रश्न अनंत काळ फिरत राहू नये म्हणून त्याला आयुष्य दिलेले असे. ते सामान्यतः ७ टप्प्यांचे होते.

या रचनेचे गणित मांडून पाहण्यासारखे आहे. प्रत्येक संगणकाला ४ शेजारी असतील आणि एकाही वाटेची पुनरावृत्ती होत नसेल, तर ७ टप्प्यांत प्रश्न ४,३७२ संगणकांपर्यंत पोहोचतो. शेजारी ८ केले तर हाच आकडा १० लाख ९८ हजारांवर जातो. म्हणजे व्याप्ती वाढविणे कागदावर सोपे होते. पण तेवढे संदेश कोणीतरी वाहून न्यावे लागत. ५६ किलोबिटच्या मोडेमवरून सेकंदाला फार तर ७ हजार बाइट जात. एखाद्या घरच्या संगणकाचा हा सारा मार्ग परक्यांचे प्रश्न पुढे पाठविण्यातच खर्ची पडू लागला. नॅपस्टरच्या आरंभीच्या प्रोग्रामरांपैकी एक असलेले जॉर्डन रिटर यांनी २००१ च्या आरंभी नेमके हेच गणित मांडून, नुटेला मोठ्या संख्येला पेलणार नाही असे प्रतिपादन केले. २००० च्या उन्हाळ्यात नॅपस्टर बंद होण्याच्या भीतीने नवे लोक नुटेलाकडे वळले, तेव्हा संथ जोडणीचे संगणक संदेशांच्या ओझ्याखाली दबून जाळे तुटक होत असल्याचा अनुभव आलाच होता.

दुसरी अडचण मानवी वर्तनाची होती. झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रातील इटान अदार आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी ऑक्टोबर २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नुटेलाचे सुमारे ७० टक्के वापरकर्ते एकही फाईल वाटत नाहीत आणि जवळजवळ निम्मी उत्तरे वाटप करणाऱ्यांपैकी वरच्या १ टक्का संगणकांकडून येतात, असे दाखविले. सर्व समान या तत्त्वावर उभ्या असलेल्या जाळ्यात प्रत्यक्षात समानता नव्हतीच. शंभर दारे ठोठावावीत आणि त्यांतील सत्तर घरे रिकामी निघावीत, अशी शोधाची गत होती. सूची कोणाच्याच हाती न ठेवण्याची किंमत प्रत्येकाने आपल्या वेळेच्या आणि तारेच्या रूपाने भरली.

फास्टट्रॅक : मधला मार्ग

ही असमानता दोष न मानता तिचाच उपयोग करून घेण्याची युक्ती फास्टट्रॅकने योजली. स्वीडनचे निकलास झेनस्ट्रॉम आणि डेन्मार्कचे यानुस फ्रीस यांच्यासाठी एस्टोनियातील प्रोग्रामरांनी घडविलेली ही प्रणाली २००१ साली आली. काझा, मॉर्फियस आणि ग्रोकस्टर ही सॉफ्टवेअरे तिच्यावर चालत. वेगवान जोडणीचे आणि दीर्घकाळ चालू राहणारे संगणक आपोआप ‘सुपरनोड’ बनत. आसपासचे साधे संगणक आपापल्या याद्या त्यांच्याकडे देत आणि शोधाचे प्रश्न सुपरनोडांच्या दरम्यानच फिरत. नॅपस्टरची एक मोठी सूची फोडून ती हजारो लहान सूच्यांत वाटावी आणि नुटेलाची फिरती चौकशी तेवढ्यांपुरतीच ठेवावी, असा हा संयोग होता. संथ मोडेमवरील वापरकर्त्याची परक्या संदेशांपासून सुटका झाली आणि शोध पुन्हा काही सेकंदांवर आला. नुटेलानेही पुढे ‘अल्ट्रापीअर’ या नावाने हीच पद्धत स्वीकारली. लाइमवायरच्या प्रोग्रामरांनी तीत प्रश्न आधी थोड्यांनाच विचारून, उत्तरे अपुरी पडल्यासच विस्तारण्याची सुधारणा केली. तरीही व्याप्ती अपुरीच राहिली. जोडलेला सुपरनोड बदलला की तोच प्रश्न वेगळी उत्तरे देई.

कायद्याच्या दृष्टीने या मधल्या मार्गाने काही काळ संरक्षण दिले. लॉस एंजलिस येथील संघीय न्यायालयाने एप्रिल २००३ मध्ये आणि अपील न्यायालयाने ऑगस्ट २००४ मध्ये ग्रोकस्टर व मॉर्फियस यांच्या बाजूने निर्णय दिला. सूची कंपनीच्या सर्व्हरवर नाही, म्हणून नॅपस्टरप्रमाणे तिच्यावर नियंत्रण नाही, हे त्यातील महत्त्वाचे कारण होते. २७ जून २००५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र हा निर्णय एकमताने फिरविला. न्यायमूर्ती डेव्हिड सूटर यांनी लिहिलेल्या निकालपत्रात सूचीच्या स्थानापेक्षा हेतूला महत्त्व दिले गेले. नॅपस्टरच्या ग्राहकांना आपल्याकडे ओढण्याचे प्रयत्न, गाळणी बसविण्याबाबतची अनास्था आणि वापराबरोबर वाढणारे जाहिरातींचे उत्पन्न यांवरून कंपन्यांनी भंगास प्रोत्साहन दिल्याचे दिसते, असे न्यायालयाने म्हटले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. फेब्रुवारी २००२ अखेर फास्टट्रॅकची संदेशपद्धती नव्या आवृत्तीत बदलली गेली आणि मॉर्फियसचे वापरकर्ते एकाएकी जाळ्याबाहेर पडले. सूची विखुरली होती. सत्ता विखुरलेली नव्हती.

नावाकडून ठशाकडे

आतापर्यंतचा संघर्ष मुख्यतः वेग आणि व्याप्ती यांचा होता. नेमकेपणाचा प्रश्न २००२ नंतर ऐरणीवर आला, कारण आता चुकीची नावे अनवधानाने पडत नव्हती, तर हेतुतः दिली जात होती. संगीत कंपन्यांच्या वतीने काम करणाऱ्या संस्थांनी लोकप्रिय गाण्यांच्या नावाने निकामी फाईली जाळ्यात सोडण्यास प्रारंभ केला. एप्रिल २००३ मध्ये पॉप गायिका मॅडोना हिच्या नव्या ध्वनिसंग्रहाच्या नावाने मिळणाऱ्या काही फाईलींत गाण्याऐवजी तिने फुकट्या श्रोत्यांना सुनावलेले खडे बोलच होते. न्यूयॉर्कमधील पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या संशोधकांनी काझाच्या जाळ्याचा अभ्यास करून २००५ मध्ये असे दाखविले की, अनेक नव्या लोकप्रिय गाण्यांच्या निम्म्याहून अधिक प्रती दूषित आहेत.

नावावर विश्वास उरला नाही तेव्हा वस्तूची ओळख वस्तूतूनच काढणे भाग पडले. त्यासाठी ‘हॅश’ हे साधन उपलब्ध होते. फाईलमधील सर्व बाइटांवर ठरावीक गणिती क्रिया करून मिळणारी, ठरावीक लांबीची संख्या म्हणजे हॅश. माणसाच्या अंगठ्याच्या ठशाप्रमाणे ती फाईलची ओळख ठरते. फाईल तीच असेल तर नाव काहीही असो, ठसा तोच येतो, आणि एक बाइट बदलला तरी तो पूर्णपणे निराळा येतो. जेड मकॅलेब यांनी २००० साली आणलेल्या ईडॉन्की प्रणालीत मोठी फाईल ९७,२८,००० बाइटांच्या तुकड्यांत विभागून प्रत्येक तुकड्याचा असा ठसा काढला जाई. परिणामी एकच फाईल अनेकांकडून तुकड्या-तुकड्याने घेता येई आणि आलेला तुकडा खरा की खोटा हे तत्काळ तपासता येई.

याउलट फास्टट्रॅकने घाई केली. मोठ्या फाईलीचा ठसा काढण्यास वेळ लागू नये म्हणून तिच्या पद्धतीत फाईलचा आरंभीचा भाग आणि पुढे वाढत्या अंतरावरचे काही तुकडेच मोजले जात. मधला मजकूर बिघडला तरी ठसा तोच राही, आणि दूषित फाईल पसरविणाऱ्यांस हीच फट पुरेशी होती. शोधाच्या इतिहासात वेगासाठी अचूकता खर्ची घातल्याचे याहून स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

वितरित हॅश सारणी : नेमका पत्ता

वस्तूला ठसा मिळाला म्हणजे तिला पत्ताही देता येतो, ही कल्पना २००१ मध्ये विद्यापीठांतून पुढे आली. ऑगस्ट २००१ मध्ये अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरलेल्या ‘सिगकॉम’ परिषदेत ‘कॉर्ड’ आणि ‘कॅन’ या दोन प्रणालींचे शोधनिबंध सादर झाले. ‘कॉर्ड’ ही मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांची निर्मिती होती; तिच्या निर्मात्यांत हरी बालकृष्णन यांचा समावेश होता. ‘कॅन’च्या निबंधाच्या प्रथम लेखिका सिल्व्हिया रत्नसामी या १९९७ साली पुणे विद्यापीठातून अभियांत्रिकीची पदवी घेऊन बर्कले येथे संशोधनासाठी गेलेल्या विद्यार्थिनी होत्या.

‘कॅन’ची कल्पना शेतीच्या उदाहरणाने समजते. एक मोठे शिवार असंख्य शेतांत वाटलेले आहे आणि प्रत्येक संगणक एका शेताचा मालक आहे. फाईलचा ठसा म्हणजे त्या शिवारातील एका बिंदूचा गट क्रमांक. ज्याच्या शेतात तो बिंदू येतो त्याने त्या फाईलची नोंद ठेवावयाची. शोधणाऱ्याला सारे शिवार ठाऊक असण्याचे कारण नाही. आपल्या बांधाला लागून असलेल्या शेजाऱ्यांपैकी त्या बिंदूच्या अधिक जवळ कोण, एवढे पाहून प्रश्न पुढे पाठविला की पुरे. ‘कॉर्ड’मध्ये हेच काम वर्तुळावर होते आणि १० लाख संगणकांच्या जाळ्यात सरासरी १० टप्प्यांत उत्तर मिळते. नुटेलाच्या पद्धतीत तितक्याच व्याप्तीसाठी लाखो संदेश लागले असते. शिवाय येथे वस्तू जाळ्यात असेल तर ती सापडतेच. ७ टप्प्यांपलीकडे राहून गेली असे होत नाही. २००२ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातील पेतार माय्मुनकोव आणि डेव्हिड माझिएर यांनी मांडलेल्या ‘कॅडेम्लिया’ने ही रचना आणखी साधी केली आणि पुढे ईम्यूल व बिटटोरंट या प्रणालींनी तिचाच अवलंब केला.

वेग आणि व्याप्ती यांचा प्रश्न सुटला असे वाटावे, अशी ही स्थिती होती. परंतु या पद्धतीला विचारावयाचा प्रश्न संपूर्ण आणि बिनचूक असावा लागतो. ज्याला ठसा ठाऊक आहे त्यालाच पत्ता मिळतो; सामान्य वापरकर्त्याला मात्र अर्धवट आठवणारे नाव ठाऊक असते. प्रत्येक शब्दाचा वेगळा ठसा काढून तो शब्द सांभाळण्याचे काम एकेका संगणकाकडे देण्याचा उपाय ईम्यूलने केला. पण नेहमीच्या शब्दांचा भार ज्याच्या वाट्याला येई तो त्याखाली दबे. मराठी वाचकाला यातील दुसरी अडचण सहज उमगेल. रोमन लिपीत ‘ज्ञानेश्वर’ हे नाव तीन-चार प्रकारांनी लिहिले जाते. माणसाच्या दृष्टीने ती एकाच नावाची रूपे आहेत. हॅशच्या दृष्टीने ती परस्परांशी सुतराम संबंध नसलेली वेगवेगळी नावे आहेत आणि त्यांच्या नोंदी जाळ्याच्या वेगवेगळ्या टोकांना जाऊन पडतात.

ही मर्यादा रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच २००३ च्या सिगकॉम परिषदेत स्पष्टपणे मांडली. फाईल-वाटप करणारे बहुतेक लोक गवताच्या गंजीतील सुई शोधत नसून गवतच शोधत असतात. म्हणजे अनेकांकडे असलेली लोकप्रिय वस्तू मागतात. अशा शोधासाठी नेमक्या पत्त्याची आवश्यकता नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. संगणकांच्या क्षमतेनुसार शेजारी निवडून आणि प्रश्नांचा ओघ आवरून नुटेलासारख्याच जाळ्याची क्षमता हजार ते लाख पटींनी वाढविता येते, असे त्यांनी प्रतिरूपणाद्वारे दाखविले. दोन वर्षांपूर्वी स्वतः दिलेल्या उत्तराची मर्यादा स्वतःच सांगण्याची ही वृत्ती संशोधनाच्या दृष्टीने अनुकरणीय आहे.

बिटटोरंट : शोधाचा त्याग

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये जाहीर केलेल्या बिटटोरंटने या साऱ्या गुंत्याला अनपेक्षित वळण दिले. या प्रणालीत शोधाची सोयच नव्हती. तुकड्यांचे ठसे नोंदलेली एक छोटी ‘टोरंट’ फाईल कोठूनतरी मिळवावयाची. मग प्रत्यक्ष फाईल असंख्य लोकांकडून वेगाने आणि बिनचूक येई. ती छोटी फाईल शोधावयाची कशी, हा प्रश्न कोहेन यांनी प्रणालीबाहेर ठेवला. नेमकेपणा पूर्णपणे जाळ्याकडे आणि शोध पूर्णपणे जाळ्याबाहेर, अशी ही विभागणी होती.

बाहेर ठेवलेला प्रश्न संकेतस्थळांनी उचलला. स्लोव्हेनियातील सुप्रनोव्हा, स्वीडनमधील पायरेट बे अशा स्थळांवर टोरंटांच्या याद्या लागल्या. तेथे माणसे खोट्या नोंदी काढून टाकीत आणि वापरणारे आपले अभिप्राय लिहीत. म्हणजे तालिका आणि ग्रंथपाल पुन्हा अवतरले, आणि त्यांच्याबरोबर उत्तरदायित्वही. सुप्रनोव्हा डिसेंबर २००४ मध्ये बंद झाले. पायरेट बेच्या चालकांना स्टॉकहोमच्या न्यायालयाने १७ एप्रिल २००९ रोजी दोषी ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्या स्थळाने, कोणती फाईल कोणाकडे आहे हे सांगणारा आपला सर्व्हर बंद केला. ते काम २००५ पासून बिटटोरंटमध्ये आलेल्या वितरित हॅश सारणीवर सोपविले गेले. नावांची यादी मात्र त्याला सोडता आली नाही. नुटेलाच्या परंपरेतील लाइमवायरलाही न्यायाधीश किम्बा वुड यांच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०१० मध्ये शोध आणि वाटप थांबवावे लागले. जाळ्यातच नावावरून शोध घेण्याचा कालखंड येथे व्यवहारतः संपला.

निष्कर्ष

या आढाव्यातून पुढील निष्कर्ष निघतात.

पहिला असा की, वेग, व्याप्ती आणि नेमकेपणा या तिन्ही गुणांचा पूर्ण लाभ कोणत्याही एका प्रणालीला झाला नाही. नॅपस्टरकडे वेग होता, पण नेमकेपणा नव्हता. नुटेलाने सूचीवाचून शोध शक्य करून दाखविला आणि त्यासाठी वेग गमावला. वितरित हॅश सारणीने वेग, व्याप्ती आणि नेमकेपणा दिला, परंतु उत्तर आधीच ठाऊक असणाऱ्यालाच.

दुसरा असा की, या बदलांमागे अभियांत्रिकीइतकीच कायद्याची प्रेरणा होती. एका ठिकाणची सूची ही तांत्रिकदृष्ट्या वाईट रचना नव्हती. शोधासाठी तीच सर्वांत सोयीची होती. ती मोडली गेली, कारण ती ठेवणाऱ्याला न्यायालयात उभे राहावे लागत होते. सूची विखुरण्याचे मोल वापरकर्त्यांनी संथ शोध आणि खोट्या फाईली यांच्या रूपाने चुकविले. तर गीतकार, गायक आणि निर्माते यांना आपल्या हक्कासाठी कोणाकडे दाद मागावी हेच कळेनासे झाले. उत्तरदायी कोणीच नसलेल्या सूचीत प्रामाणिक शोधणारा आणि प्रामाणिक हक्कदार दोघेही एकाच वेळी निराधार होतात.

तिसरा निष्कर्ष अधिक व्यापक आहे. ठसा यंत्राला काढता येतो, नाव माणसाला द्यावे लागते. ‘ही फाईल तीच आहे का’ या प्रश्नाचे उत्तर गणित देऊ शकते, तेही मर्यादित अर्थाने. दीर्घकाळ विश्वसनीय मानलेल्या एसएचए-१ या हॅशपद्धतीत दोन भिन्न फाईलींचा एकच ठसा आणून दाखविण्यात २०१७ मध्ये यश आले आणि बिटटोरंटच्या नव्या आवृत्तीला अधिक भक्कम पद्धती घ्यावी लागली. ‘मला हवी आहे ती फाईल कोणती’ या प्रश्नाचे उत्तर मात्र जबाबदारीने लिहिलेल्या नोंदीतूनच मिळते. दहा वर्षांच्या प्रयोगांनंतर फाईल-वाटपाची जाळी ज्या ठिकाणी येऊन थांबली, तेथे पुन्हा एक यादी होती, ती तपासणारी माणसे होती आणि त्या यादीबद्दल उत्तर द्यावे लागणारे कोणीतरी होते. ग्रंथपालाचे काम यंत्राकडे सोपविता येते. ग्रंथपालाची जबाबदारी तशी सोपविता येत नाही.